पाठोपाठच्या नोंदी

पुण्यातल्या एका संशोधन संस्थेची जाहिरात मी वर्तमानपत्रातून कापून पाकिटात ठेवली होती. पीएच.डी. झालेला उमेदवार हवा, मुदत एका वर्षाची, काम समाधानकारक वाटल्यास पुढे वाढ. आणि शेवटी ठळक अक्षरांत, संगणकावर प्रोग्रॅम लिहिता येणे व मोठ्या प्रमाणावरील माहितीचे विश्लेषण करता येणे आवश्यक. पीएच.डी. माझ्याकडे होती, शेतीच्या अर्थशास्त्रातली. प्रोग्रॅम लिहायला मात्र मी बीडच्या एका खाजगी क्लासात सहा आठवडे शिकलो होतो, आणि त्यातले दोन आठवडे वीजच नव्हती. अर्जात त्या रकान्यात मी 'उत्तम' असे लिहिले. नोकरी लागल्यावर पुढच्या तीन महिन्यांत मी ते उत्तम करूनही दाखवले. तेव्हा त्याचा अभिमान वाटला होता. आता वाटते की नको ती सवय मला तिथेच लागली. कागदावर काय लिहिले आहे ते आधी सांभाळायचे आणि माणसांकडे नंतर पाहायचे.

मुलाखतीत आमच्या विभागप्रमुखांनी माझे गाव विचारले. बीड जिल्हा म्हटल्यावर ते खुर्चीत पुढे सरकले. प्रकल्प दुष्काळातल्या सहकारी दूध संस्थांवरच होता. इतर दोन उमेदवार माझ्याहून पुष्कळ हुशार होते, त्यातला एक तर परदेशात राहून आलेला. प्रमुख म्हणाले, "तुम्ही तिकडचे आहात. आकडे कुणालाही मोजता येतील, त्या आकड्यांच्या मागे काय आहे हे तुम्हाला कळेल." मला नोकरी त्या वाक्यावर मिळाली, हे मी कधी विसरलो नाही. म्हणून पुढचे सांगणे अधिक अवघड आहे.

माघ महिन्यात मी रजिस्टरे गोळा करायला जिल्ह्यात गेलो. पावसाळे दोन कोरडे गेले होते. एस.टी. पालीजवळ आली तेव्हा बिंदुसरेच्या तलावाचा तळ उघडा पडलेला दिसत होता; मधोमध एक डबके आणि त्याच्या कडेने म्हशी. चौसाळ्याला उतरून आतल्या एका गावाला जीपने गेलो. त्या गावाचे नाव मी लिहिणार नाही. निम्म्या घरांना कुलपे होती. घरची माणसे दिवाळीनंतरच ऊसतोडीला कारखान्यांकडे गेली होती आणि चैत्राच्या आत परतणार नव्हती.

दूध संस्था म्हणजे दोन खोल्या, एक काटा आणि दुधातली फॅट मोजायचे यंत्र. तिथल्या सेक्रेटरींना सगळे गाव सेक्रेटरी एवढ्याच नावाने ओळखत असे. वय पन्नाशीच्या आसपास, शिक्षण सातवीपर्यंत, कानामागे पेन्सिल आणि अक्षर छापल्यासारखे. दुपारी मी पोचलो तेव्हा ते दोन-तीन बायकांना पेंड वाटून देत होते. डॉक्टर आले आहेत हे ऐकून त्यांतली एक माझ्यासमोर येऊन बसली आणि गुडघा दाखवू लागली. सेक्रेटरी वर न पाहताच म्हणाले, "ते आकड्याचे डॉक्टर हायेत, बाई. तुझा गुडघा आकड्यात न्हाई बसत." बाई म्हणाली, मग हे इतक्या लांबून आले कशाला.

बोलता बोलता त्यांनी माझ्या आईचे माहेर विचारले. ते शेजारच्याच वाडीतले निघाले. एवढे पुरेसे होते. त्या भागात आईच्या गावचा माणूस मामा होतो आणि आपण भाचा. मग ते नाते दोन्ही बाजूंनी पाळावे लागते. त्यांनी मला घरी नेले, भाकरी आणि कढी खाऊ घातली, आणि तीन वर्षांची रजिस्टरे धोतराच्या जुन्या पानात बांधून माझ्या हवाली केली. पोचपावती लिहून देतो म्हटले तर त्यांना ते अपमानास्पद वाटले. चेअरमनला विचारायला नको का, असे मी म्हणालो. ते म्हणाले, चेअरमनला विचारले तर चार दिवस जातील. मग जीपपर्यंत सोडायला आले तेव्हा एकच गोष्ट बोलले. "काय आडलं तर आदी मला इचारा, भाचे. रजिस्टर माझ्या हातचं हाय, ते मलाच समजंल."

पुण्याला परतल्यावर आम्ही ती रजिस्टरे संगणकात भरली. रोज सकाळ-संध्याकाळ कोणत्या नंबरच्या सभासदाने किती दूध घातले, एवढीच ती माहिती. आमच्याकडे दुसरी एक यादी होती: कोणती कुटुंबे ऊसतोडीला गेली, कधी गेली, कधी परतली. या दोन्ही याद्या एकमेकींशी ताडून पाहणारा प्रोग्रॅम मी लिहिला. आज तो एखादा विद्यार्थी चहा पिता पिता लिहील; मला दहा दिवस लागले. तो चालला तेव्हा पडद्यावर चाळीसेक नावे आली. ही माणसे चार महिने घराला कुलूप लावून दोनशे मैलांवर ऊस तोडत होती, आणि त्यांच्या नंबरावर गावात रोज दूध पडत होते.

प्रमुखांनी माझ्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून ती यादी दोनदा पाहिली. त्यांनी तिला नावही लगेच दिले: कागदी सभासद. सहकारात कागदी सभासद असतात हे सगळे बोलतात, पण ते शोधून काढण्याची पद्धत आपल्याच विभागात तयार झाली, असे ते त्या दिवशी जेवणाच्या वेळी तीन जणांना सांगताना मी ऐकले. मी मान खाली घालून डबा खात होतो. आनंद झाला नाही असे म्हणणार नाही.

पण मला ठाऊक होते. ती यादी पडद्यावर आली त्याच क्षणी ठाऊक होते. आमच्या भागात ऊसतोडीला निघालेले कुटुंब आपली म्हैस शेजारणीच्या स्वाधीन करून जाते. शेजारीण तिला चारापाणी करते, दूध काढते, अर्धे दूध स्वतःच्या नंबरावर घालते आणि अर्धे म्हशीच्या मालकिणीच्या. सभासदाचे दूध ठरावीक दिवस पडले नाही, तर त्याचा संस्थेतला हक्क जातो, आणि दुष्काळात संस्थेकडून मिळणारी पेंड आणि चाराही जातो. म्हणून गेलेल्याचा नंबर जागा ठेवायचा, झोपू द्यायचा नाही, असे म्हणतात. त्यात लपवण्यासारखे काही नाही आणि ते कुठे लिहून ठेवण्याची कुणाला कधी गरज वाटली नाही. मी बीडला कॉलेजात असताना माझी आई हेच करीत असे. सुट्टीत गावी गेलो की दुसरी चरवी मी उचलायचो. काट्यापाशी आई दोन नंबर सांगायची, आधी आपला आणि मग ऊसतोडीला गेलेल्या शेजारणीचा.

अहवालाच्या कच्च्या प्रतीत मी तळटीप घातली: काही ठिकाणी शेजारी अनुपस्थित सभासदांच्या वतीने दूध घालत असण्याची शक्यता आहे. प्रमुखांनी पेन्सिलने तिच्याभोवती गोल केला आणि विचारले, "पुरावा आहे का याला?" ते रागाने विचारत नव्हते. संशोधनात हा प्रश्न विचारायचाच असतो. मी पाहतो म्हणालो.

पुरावा शोधायला मला गावाला जायची गरजसुद्धा पडली नाही. रजिस्टरातल्या नोंदी रांगेप्रमाणे असतात. जी बाई दोन चरव्या घेऊन रांगेत उभी राहील, तिचा नंबर आणि लगेच त्याच्या पाठोपाठ, ऊसतोडीला गेलेल्या शेजारणीचा नंबर. हे रोज, सगळा हंगामभर, त्याच क्रमाने व्हायला हवे. खोटी नावे घुसडणारा माणूस ती पानाच्या शेवटी घालील, किंवा जागा मिळेल तिथे. हे तपासणारा प्रोग्रॅम वीस-पंचवीस ओळींचा होता. मी तो एका दुपारी लिहिला आणि त्याच दुपारी त्याचे उत्तर आले. तीन नावे सोडली तर यादीतला प्रत्येक नंबर रोज एकाच शेजारच्या नंबराच्या मागोमाग पडला होता, आणि दूधही बहुधा तेवढेच. दोन लिटर, दोन लिटर. दीड, दीड. एखाद्या दिवशी पहिला आकडा कमी झाला की दुसराही तितकाच कमी. कुणीतरी चरवीतले दूध दोन ठिकाणी न्यायाने वाटत होते, आणि ते मला पुण्यात बसून दिसत होते.

मी ती फाइल बंद केली. नाव बदलून दुसऱ्या कप्प्यात ठेवली. उरलेल्या तीन नावांना मी धरून बसलो. तीन तर खोटी असतील, मग पद्धत चुकीची कशी म्हणता येईल, असे स्वतःला समजावत राहिलो. त्या तीन घरांच्या म्हशी दोन जावांनी आलटून पालटून सांभाळल्या होत्या, म्हणून नंबर कधी एकीच्या मागे पडे, कधी दुसरीच्या, हे मी आणखी एक तास बसलो असतो तर कळले असते. नंतर कळलेच. तो तास मी बसलो नाही.

हे का केले, याचा मी पुढे पुष्कळ वर्षे विचार केला. प्रमुखांची भीती हे कारण नव्हते. ते सरळ माणूस होते. कुरकुरले असते आणि मान्य केले असते. मुदतवाढीचे माझे पत्र त्या आठवड्यात सहीला गेले होते, हे कारण आहे, आणि मी ते नाकारत नाही. पण त्याच्याही खाली आणखी एक आहे. त्या खोलीत उभे राहून, परदेशी शिकलेल्या सहकाऱ्यांसमोर, हे मला कसे माहीत ते सांगायचे म्हटले असते तर मला माझ्या आईची चरवी सांगावी लागली असती. मला त्याची लाज वाटली. प्रमुखांनी मला जे कळेल म्हणून घेतले होते, ते कळूनही मी ते लपवले, कारण ते शिकून मिळवलेले नव्हते, घरचे होते.

अहवाल तळटिपेविना गेला. जिल्ह्याच्या दूध संघाने दूध थंड करायची यंत्रे कोणत्या गावांना द्यायची हे ठरवताना तो वापरला. त्यात ह्या गावाच्या नावापुढे 'नोंदी शंकास्पद' एवढे दोनच शब्द होते. नावांची यादी गोपनीय म्हणून आम्ही दिली नव्हती. संशोधनाची नीती म्हणून. त्या नीतीने किती घात केला ते मला नंतर समजले.

रजिस्टरे मी स्वतः परत न्यायला हवी होती. मी ती पार्सलने पाठवली. महिन्याभराने सेक्रेटरींचे आंतरदेशीय पत्र आले. रजिस्टरे पोचली, पान एकही फाटलेले नाही, आभारी आहे. इथे तपासनीस येऊन गेले, काही आडले होते का, भाचे, असे शेवटी विचारले होते. मी उत्तर लिहायला बसलो आणि दोनदा कागद फाडला. तिसऱ्यांदा बसलो नाही.

पुढचे मला आईच्या माहेरच्या एका लग्नात कळले. यंत्र दुसऱ्या गावाला गेले. यंत्राविना दुधाचे संकलन बंद झाले. पुण्याच्या कॉम्प्युटरला खोटी नावे सापडली, असे तपासनीस गावात बोलून गेले होते. सभा भरली आणि हात वर करून सेक्रेटरींना काढले. मी माझ्या मामेभावाला विचारले की गावाला नंबर जागा ठेवणे ठाऊक नव्हते का. तो हसला. प्रत्येक घराला आपले ठाऊक होते, म्हणाला. आमचा नंबर खरा, पण पुण्याचा कॉम्प्युटर काय उगाच बोलणार आहे, बाकीच्यांत ह्यानं कुणाकुणाची नावं घुसडली कोण सांगावं, असे जो तो बोलत होता. यादी कुणी पाहिली नव्हती, त्यामुळे प्रत्येकाला ती दुसऱ्याची वाटली. वर्षानुवर्षे एकमेकींच्या म्हशी सांभाळणाऱ्या बायका एकमेकींकडे संशयाने पाहू लागल्या, आणि सगळ्यांचा मिळून संशय एका माणसावर जाऊन बसला. एवढे सांगून मामेभाऊ पाहुण्यांच्या गर्दीत वाढायला निघून गेला. मी तेव्हाही उठून शेजारच्या गावाला गेलो नाही. अंतर तीन किलोमीटर होते.

माझे बरे चालले. आणखी एक नेमणूक मिळाली, मग कायमची नोकरी. गेली काही वर्षे पोस्ट-डॉक्टरल जागांसाठी उमेदवार निवडणाऱ्या समितीवर मी असतो. मुले-मुली येतात, त्यांना माझ्याहून दसपट येते. मागच्या वर्षी बीडच्या एका महाविद्यालयाने मला अशा नोकऱ्यांची माहिती द्यायला बोलावले. कोणती भाषा शिकावी, अर्ज कसा करावा, असे प्रश्न झाल्यावर मागच्या बाकावरून एका मुलीने विचारले की प्रोग्रॅम न अडखळता चालला आणि तरी उत्तर चूक असेल, तर ते ओळखायचे कसे. मी म्हणालो, ज्याच्याकडून माहिती आणली त्याला जाऊन विचारायचे. मुलीने ते वहीत लिहून घेतले. तिला ते लिहिताना पाहून मी पाणी प्यायलो, आणि व्याख्यान संपवले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्या गावात पोचलो. सेक्रेटरी आता सत्तरीच्या पुढचे. ओसरीवर बसून कडब्याच्या पेंढ्या सोडत होते. मला ओळखायला त्यांना थोडा वेळ लागला. मग "भाचे का?" म्हणाले आणि आत पाणी सांगितले. पाणी येण्याआधीच मी सगळे सांगून टाकले, कारण पाणी पिऊन झाले असते तर मी ते सांगितले नसते, अशी भीती वाटत होती. पहिली यादी, दुसरा प्रोग्रॅम, बंद केलेली फाइल.

त्यांचे हात थांबले नव्हते. पेंढी सोडून झाली तेव्हा त्यांनी विचारले, "म्हंजे तुमाला तवाच ठाऊक होतं?"

होते, म्हणालो.

मी माफी मागितली. वाकून नमस्कार करू लागलो तर त्यांनी पाय मागे घेतले.

"मी चोर न्हवतो हे मला ठाऊकच हाय," ते म्हणाले. "मला सांगून काय उपेग? ज्यांना ठाऊक न्हाई त्यांना सांगा."

मी म्हणालो की लेखी देतो, संस्थेच्या कागदावर, सहीनिशी. ते म्हणाले, कागद नको, कागदानेच झाले होते. आणि उठून त्यांनी टोपी घातली.

संध्याकाळच्या दुधाची वेळ होत आली होती. आता तिथे एका खाजगी डेअरीचा टेम्पो येतो, आणि लोक कॅन, चरव्या घेऊन शाळेच्या भिंतीपाशी त्याची वाट पाहत असतात. वीस-बावीस माणसे असतील. सेक्रेटरींनी एवढेच सांगितले की ह्या पाहुण्याला दोन शब्द बोलायचे आहेत. मी सुरुवात केली ती अशी, की त्या काळी केलेल्या विश्लेषणात पद्धतीचा एक दोष राहून गेला होता. सेक्रेटरींनी माझ्या दंडाला हात लावला. "म्हशीवाल्यांना सांगायलाय तुमी," म्हणाले. "समजंल असं सांगा."

मग मी सांगितले. ह्यांनी एकही नाव खोटे लिहिले नव्हते. यादीतली सगळी नावे ऊसतोडीला गेलेल्यांची होती आणि त्यांचे दूध शेजारणींनी घातले होते. मला ते दिसले होते आणि मी गप्प बसलो.

तरुण पोरे मोबाईलकडे वळली. त्यांना यातले काही माहीत नव्हते. साठीच्या एका बाईने चरवी खाली ठेवली. "सगळ्यांचंच खरं होतं?" तिने विचारले. सगळ्यांचे, म्हणालो. तिने भिंतीच्या पलीकडच्या टोकाला उभ्या असलेल्या दुसऱ्या एका बाईकडे पाहिले. ती दुसरी मातीकडे पाहत होती. दोघींमध्ये काय होते ते मला माहीत नाही. विचारण्याचा अधिकारही नव्हता.

"मग तवा कावून न्हाई सांगितलं?" ती माझ्याकडे वळून म्हणाली.

"नोकरी जाईल असं वाटलं," म्हणालो.

"आमचीबी व्हती की डेरी," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. चरवीवर बसलेली माशी हाकलावी तसा तिने पदर हलवला आणि चरवी परत उचलून घेतली.

टेम्पो आला. रांग पुढे सरकली. काठी टेकवत एक म्हातारा सेक्रेटरींपाशी आला आणि हळू म्हणाला, "सभेत माझाबी हात वर व्हता."

"असंल," सेक्रेटरी म्हणाले. "लई हात व्हते."

म्हातारा गेला नाही. तसाच त्यांच्याजवळ उभा राहिला, आणि मग आणखी दोघे-तिघे येऊन उभे राहिले. कुणीतरी सेक्रेटरींना शाळेच्या पायरीवर बसायला जागा केली. ते बसले. टेम्पोवाला नंबर पुकारत होता आणि ते ऐकत होते. मी थोड्या अंतरावर उभा होतो. माझ्याकडे कुणी पाहत नव्हते, आणि त्या घडीला ते योग्यच होते. मी कुणाला न सांगता चौसाळ्याच्या रस्त्याला लागलो.